मानसोल्लास: एका राजाच्या रोजच्या सुखांचा इतिहास

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाला. ग्रंथातील ज्योतिषगणितासाठी शके १०५१ हे वर्ष आधार म्हणून घेतलेले असल्यामुळे त्याचा काळ इ. स. ११२९ च्या आसपासचा मानला जातो. ‘अभिलषितार्थचिंतामणी’, म्हणजे इच्छिलेली गोष्ट देणारे रत्न, हे त्याचे दुसरे नाव असून राज्यकारभार, वास्तुरचना, चित्रकला, रत्नपरीक्षा, हत्ती-घोड्यांची निगा, वैद्यक आणि संगीत अशा अनेक विषयांना त्यात जागा मिळाल्यामुळे मध्ययुगीन भारताचा ज्ञानकोश अशी त्याची ख्याती झाली. परंतु याच ग्रंथाचा एक मोठा भाग राजाच्या अगदी साध्या, रोज घडणाऱ्या सुखांसाठी राखून ठेवलेला आहे. अंगाला लावायचे तेल कोणत्या फुलांनी सुवासिक करावे, जेवणात पहिला घास कशाचा घ्यावा, कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, विड्यातील चुना कशाचा असावा, या प्रश्नांची उत्तरे तेथे किल्ल्यांच्या आणि सैन्याच्या वर्णनाइतक्याच गांभीर्याने दिलेली आहेत. महाराष्ट्रातील खाण्यापिण्याच्या, स्नानाच्या आणि गाण्याच्या चालीरीतींचा इतिहास शोधणाऱ्याला हा भाग विशेष मोलाचा वाटतो, कारण राजाच्या सुखांची नोंद करता करता त्याच्या भोवतीच्या सामान्य माणसांचे जगणेही या ग्रंथाने नकळत टिपून ठेवले आहे.

सोमेश्वराला हे राज्य वडिलांकडून मिळाले होते. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य याने इ. स. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य केले आणि स्वतःच्या नावाची कालगणना सुरू केली. त्याच्या दरबारात काश्मिरातून आलेला कवी बिल्हण होता, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर याच कल्याणीत वावरला. ही राजधानी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण होय. महाराष्ट्राच्या सीमेला ते अगदी लागून आहे आणि सोलापूर, धाराशिव, लातूर व नांदेड या जिल्ह्यांतून चालुक्यांचे शिलालेख मोठ्या संख्येने मिळालेले आहेत. राज्यकर्त्यांची भाषा कन्नड, विद्येची भाषा संस्कृत आणि राज्याच्या उत्तर भागातील रयतेची बोली मराठी, अशा त्रिवेणी प्रदेशात या ग्रंथाची निर्मिती झाल्यामुळे त्याच्या संस्कृत श्लोकांतून देशी शब्द वारंवार डोकावतात. ‘भूलोकमल्ल’ आणि ‘सर्वज्ञ’ ही बिरुदे लावणाऱ्या सोमेश्वराच्या कारकिर्दीत होयसळ विष्णुवर्धनासारखे सामंत डोके वर काढू लागले होते आणि सुमारे बारा वर्षे राज्य करून इ. स. ११३८ च्या सुमारास तो निवर्तला. रणांगणावरच्या पराक्रमापेक्षा या ग्रंथामुळेच त्याचे नाव अधिक टिकले.

ग्रंथाची रचना समजून घेतल्याशिवाय त्यातील सुखविचाराचे मर्म हाती लागत नाही. मानसोल्लासाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय असल्यामुळे त्या भागांना ‘विंशती’ म्हटले आहे. पहिली विंशती राज्यप्राप्तीची, दुसरी मिळालेले राज्य स्थिर करण्याची, तिसरी उपभोगांची, चौथी विनोदांची, म्हणजे मन रमवणाऱ्या करमणुकींची, आणि पाचवी क्रीडांची आहे. यातील क्रम जाणीवपूर्वक ठरवलेला दिसतो. पहिल्या विंशतीत राजाने असत्य, परद्रोह, असूया, क्रोध आणि आत्मस्तुती टाळावी, गोड बोलावे, अतिथीचा सत्कार करावा, शरण आलेल्याचे रक्षण करावे, आणि दीन, अनाथ, पीडित, आप्त व सेवक यांचे पोषण करावे, असे नियम सांगितले आहेत. ज्याने हे पाळले आणि ज्याच्या राज्याची घडी नीट बसली, त्यालाच पुढच्या साठ अध्यायांतील सुखाचा अधिकार पोहोचतो, अशी ग्रंथाची मांडणी आहे. सुख हे कर्तव्यातून पळून जाण्याचे साधन नसून कर्तव्य पार पाडलेल्या माणसाच्या दिवसाचा तो हक्काचा भाग आहे, ही भूमिका भारतीय परंपरेत अन्यत्रही आढळते. मानसोल्लासात ती ग्रंथाच्या सांगाड्यातच बसवलेली असल्यामुळे उपभोगाच्या वर्णनात कोठेही संकोच नाही आणि अपराधाची भावनाही नाही.

तिसऱ्या विंशतीतील वीस उपभोगांची यादी वाचताना एका माणसाचा संपूर्ण दिवस डोळ्यांसमोर येतो. गृह, स्नान, पादुका, तांबूल, विलेपन म्हणजे अंगाला लावायची उटी, वस्त्रे, फुलांच्या माळा, अलंकार, आसन, चवरी, दरबार, पुत्रांचा सहवास, अन्न, पाणी, पायांना तेल चोळणे, वाहन, छत्री, शय्या, धूप आणि स्त्रियांची संगत, असे हे वीस विषय आहेत. यांतील चवरी, दरबार आणि राजवाहन सोडले तर उरलेली सारी सुखे कोणत्याही खात्यापित्या घरात, कमी-अधिक प्रमाणात, मिळू शकणारी आहेत. पुत्रांच्या सहवासाला अन्न आणि शय्येच्या पंक्तीत बसवणारा हा राजा मुलांच्या वाढीकडे आणि शिक्षणाकडे पाहण्यातला आनंदही रोजच्या सुखांत मोजतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

स्नानाच्या अध्यायात तिळाच्या तेलाला फार महत्त्व आहे. चाफा, केवडा यांसारख्या फुलांच्या सुवासाने तेल सिद्ध करायचे, सशक्त आणि कुशल सेवकांकडून ते अंगात जिरवायचे, नंतर सुगंधी चूर्णाचे उटणे लावून तेलकटपणा काढायचा, केस आवळ्याने धुवायचे आणि मग कोमट पाण्याने स्नान करायचे, असा त्याचा साधारण क्रम आहे. दिवाळीच्या पहाटे महाराष्ट्रातील घरांत होणारे अभ्यंगस्नान याच क्रमाने चालते. आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी ही परंपरा आयुर्वेदाच्या ग्रंथांपासून चालत आलेली आहे, आणि मानसोल्लास हा तिच्या प्रवासातला एक नीट तारीख लावता येण्याजोगा टप्पा आहे. राजाला जे वारंवार मिळत होते ते सामान्य घरात सणापुरते उरले, एवढाच फरक पडला. पायांना तेल चोळण्याला या ग्रंथात स्वतंत्र अध्याय मिळाला आहे. महाराष्ट्रातही काशाच्या वाटीने तळपाय घासून घेण्याची रीत कालपरवापर्यंत घरोघर होती, आणि डोळ्यांना थंडावा मिळतो व झोप शांत लागते या अनुभवावर ती टिकून राहिली.

अन्नाचा अध्याय हा या ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग असून स्वयंपाकाच्या इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. रक्तशाली, गंधशाली आणि साठ दिवसांत तयार होणारा षष्टिक असे तांदळाचे प्रकार, डाळींचे वरण, भाज्या, मांस, मासे, दुधाचे पदार्थ आणि पक्वान्ने यांची कृती तेथे येते. रानडुकराच्या व हरणाच्या मांसाबरोबर कासव आणि शेतातील उंदीर भाजून खाण्याच्या कृतीही त्यात असल्यामुळे, पुढच्या काळात शाकाहाराशी जोडली गेलेली ‘शास्त्रोक्त’ भोजनाची कल्पना बाराव्या शतकातील राजाच्या ताटाला लागू पडत नाही, हे स्पष्ट होते. ‘इडरिका’ या नावाचा पदार्थ उडदाच्या पिठाचे छोटे गोळे तळून त्यांना मिरी, जिरे व हिंग यांची चव देऊन केलेला आहे. आजच्या इडलीशी नाव जुळते, पण तांदळाच्या रव्याचे मिश्रण आणि वाफेवर शिजवणे या गोष्टी त्यात नाहीत. डाळीच्या पिठाचे ‘धोसक’ आणि दही, दूध किंवा कांजीत भिजवलेले वडे हेही तेथे भेटतात. दही कपड्यात गाळून साखर आणि सुगंधी द्रव्ये मिसळून केलेली ‘शिखरिणी’ ही श्रीखंडाची पूर्वज आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

या पदार्थांपैकी ‘मंडक’ जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची कृती आणि आजची कृती एकमेकांशेजारी ठेवता येते. ग्रंथात गहू धुऊन, वाळवून, दळून त्याचे पीठ चाळून घ्यायला सांगितले आहे. त्या पिठात तूप व मीठ घालून ते चांगले मळायचे, त्याचे गोळे करायचे, ते हातांनी ताणून मोठे व पातळ करायचे आणि तापलेल्या खापरावर भाजायचे. खानदेशात आजही मांडे याच पद्धतीने केले जातात. कणीक इतकी तिंबतात की तिला चिवट ताण येतो, त्यात पुरण भरून उंडा करतात, तो पोळपाट-लाटण्याशिवाय दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करतात, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडतात. बेळगावकडे मांड्यात पिठीसाखर व खसखस घालून घडी घालण्याची रीत आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांच्या चरित्रकथेत मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजल्याचा प्रसंग येतो, तो ऐतिहासिक पुरावा म्हणून घेता येत नसला तरी मांडा हा मराठी मनात किती खोल रुजलेला पदार्थ आहे हे त्यावरून कळते. राजाच्या स्वयंपाकघरातील कृती नऊशे वर्षांनंतर गावातील बायकांच्या हातांत जवळजवळ तशीच सापडते, याचा अर्थ ती राजवाड्यातून गावात आली असा घेण्याची घाई करू नये. ग्रंथकाराने आपल्या प्रदेशातील कुशल हातांचे काम पाहिले आणि ते लिहून ठेवले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

जेवणाचा क्रमही असाच बोलका आहे. राजाने मऊ आसनावर बसावे, नाभीपासून गुडघ्यांपर्यंत शुभ्र वस्त्र पसरावे, आरंभी मुगाचे वरण व तूप घातलेला भात घ्यावा, मग मांस आणि भाज्या यांचे प्रकार यावेत, मध्यावर पायस व गोड पदार्थ यावेत, आणि शेवटी दहीभात किंवा सैंधव मीठ घातलेले ताक घेऊन भोजन संपवावे, असा त्याचा आराखडा आहे. मराठी घरांतील पारंपरिक पंगतीत वरणभात आणि तुपाच्या धारेने सुरुवात होते, मध्ये गोडाचे वाढप होते आणि ताकभाताने किंवा दहीभाताने शेवट होतो, हा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांना सोमेश्वराच्या ताटात परके काही वाटणार नाही. पहिल्या घासाने भूक सौम्यपणे चाळवावी आणि शेवटच्या घासाने पोट शांत व्हावे, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब आहे. ऋतूप्रमाणे चवीही बदलाव्यात, उन्हाळ्यात मधुर व थंड आणि हिवाळ्यात स्निग्ध व उष्ण अन्न असावे, असेही राजा सांगतो. मात्र या ताटात मिरची नव्हती, बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणाही नव्हता. हे सारे अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे भारतात रुळत गेले. तिखटपणा मिरी आणि आल्याने येई. मराठी स्वयंपाकाची आजची चव त्या मानाने नवी आहे, परंतु जेवणाची चाल जुनी आहे, हा निष्कर्ष या अध्यायातून निघतो.

पाण्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहावासा वाटणे हे या राजाच्या रसिकतेचे लक्षण आहे. पावसाचे, नदीचे, झऱ्याचे, विहिरीचे आणि तळ्याचे पाणी वेगवेगळ्या गुणांचे असते आणि ऋतू पाहून त्यातून निवड करावी, असे तो सांगतो. नारळाच्या पाण्यालाही त्याने यात स्थान दिले आहे. दिवसा सूर्यकिरणांनी तापलेल्या आणि रात्री चंद्रकिरणांनी निवलेल्या शरद ऋतूतील पाण्याला आयुर्वेदात ‘हंसोदक’ म्हणतात, त्याचाही उल्लेख येथे येतो. पाणी पाटल, चाफा यांसारख्या फुलांनी आणि कापराने सुवासिक करण्याच्या रीती सांगितल्या आहेत. दख्खनच्या पठारावर, जेथे चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेथे थंड आणि सुगंधी पाण्याचा एक पेला ही केवढी चैन आहे हे वेगळे सांगायला नको. माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याची फुले टाकणारी मराठी घरे हीच चैन अगदी अल्प खर्चात उपभोगत आली. सार्वजनिक पाणपोई घालण्याला जे पुण्य मानले गेले, त्याच्या मुळाशीही हाच अनुभव आहे.

भोजनानंतरच्या तांबुलाचा, म्हणजे विड्याचा, अध्याय छोटा असला तरी त्यातील काटेकोरपणा मोठा आहे. सुपारी वनवास प्रदेशातली, म्हणजे आजच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बनवासीच्या परिसरातली असावी, पाने पिकून पिवळसर झालेली असावीत, चुना मोत्याच्या शिंपल्यांचा असावा, आणि त्यात कापूर, कस्तुरी यांसारखी द्रव्ये असावीत, असा त्याचा आग्रह दिसतो. नागवेलीचे पान आणि सुपारी यांचे मूळ आग्नेय आशियात सांगितले जाते. परंतु भारतात आल्यावर त्यांना देवपूजा, विवाह, आतिथ्य आणि राजदरबार या चारही ठिकाणी मान मिळाला. तेरा द्रव्यांचा ‘त्रयोदशगुणी विडा’ मराठी घरांत शुभकार्याच्या भोजनानंतर आवर्जून दिला जाई. देवाला नैवेद्यानंतर विडा दाखवणे, लग्न ठरल्यावर सुपारी फोडणे, निमंत्रणाला अक्षतांबरोबर विडासुपारी ठेवणे या रीती सर्वपरिचित आहेत. तंबाखू मात्र या विड्यात नव्हती, कारण तीही पोर्तुगीजांच्या काळानंतरची आहे. तांबुलाच्या इतिहासावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी मूलभूत लेखन केले. विडा, अत्तरे, दिवे आणि खाद्यपदार्थ यांसारख्या विषयांना इतिहासाच्या दालनात आणणाऱ्या मोजक्या संशोधकांत त्यांची गणना होते, आणि त्यांच्या लेखनात मानसोल्लासाचा आधार वारंवार येतो.

चौथ्या आणि पाचव्या विंशतीत दिवसाच्या सुखांकडून प्रसंगांच्या आनंदाकडे वाटचाल होते. विनोदांमध्ये हत्तींच्या झुंजी, घोड्यांवरचे खेळ, मल्लयुद्ध, कोंबडे, लावे, मेंढे व रेडे यांच्या टकरी, ससाण्यांकरवी आणि कुत्र्यांकरवी केलेली शिकार यांचा समावेश आहे. गळाने मासे धरण्याच्या ‘मत्स्यविनोदा’त माशांच्या अनेक जाती, त्यांची वस्तीची ठिकाणे, प्रत्येकाला आवडणारे आमिष, आणि गळ व दोरी कशी असावी याची इतकी बारकाईने नोंद आहे की विसाव्या शतकाच्या मध्यास प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास करून ते प्राचीन भारतीय मत्स्यज्ञानाचा महत्त्वाचा पुरावा असल्याचे दाखवून दिले. असे ज्ञान सिंहासनावर बसून मिळत नाही; ज्यांची उपजीविका नदीवर चालत होती त्यांच्याकडूनच ते ग्रंथात आले असले पाहिजे. क्रीडांमध्ये बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंग, फासे, कवड्या आणि कोडी यांच्याबरोबर झोक्यावरची आंदोलनक्रीडा, वाळवंटातली वालुकाक्रीडा, हिरवळीवरची शाद्वलक्रीडा, उभ्या पिकातली सस्यक्रीडा आणि चांदण्यातली ज्योत्स्नाक्रीडा येते. यातील शेवटच्या काही क्रीडांना वाळू, गवत, शेत आणि चांदणे यांपलीकडे काहीही लागत नाही. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवणारे कुटुंब आणि हिवाळ्यात शेतावर हुरडा खायला जमलेले सोयरेधायरे या दोन मराठी प्रसंगांकडे पाहिले, की या क्रीडांचा आत्मा कोणत्या ठिकाणी शिल्लक आहे हे समजते.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग गीतविनोदात आहे. निरनिराळ्या भाषांतील गीतप्रकार सांगताना सोमेश्वराने कोणते गीत कोणत्या प्रसंगी गावे याची यादी दिली आहे. षट्पदी कथांसाठी, धवल विवाहात, मंगल उत्सवात, चर्या योगीजनांनी गावी, असे तो सांगतो. त्याच ओघात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद येते. कांडणे म्हणजे उखळात मुसळाने धान्य सडणे. ओवीचा एवढा जुना आणि निश्चित काळाचा उल्लेख अत्यंत दुर्मीळ आहे. विष्णूच्या अवतारांवरील मराठी पद्याचे काही अंशही या भागात आढळतात आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी भाषेच्या आरंभकाळातील नमुने म्हणून त्यांची दखल घेतलेली आहे. या नोंदीनंतर सुमारे दीड शतकाने महानुभाव पंथातील कवयित्री महदंबेने विवाहप्रसंगाचे धवळे रचले आणि इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी नेवासे येथे ओवी छंदात गीतेवरील भाष्य सांगितले. म्हणजे उखळाजवळ आणि लग्नमांडवात ज्या गीतप्रकारांचा आवाज आधीच घुमत होता, त्यांनाच तेराव्या शतकात ग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. विसाव्या शतकात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ही धारा अखंड वाहत होती हे सिद्ध झाले.

ही नोंद एका राजाच्या करमणुकीच्या प्रकरणात यावी, यात या ग्रंथाचे खरे ऐतिहासिक वैशिष्ट्य सामावलेले आहे. राजाला जे ऐकायला गोड वाटले, ते कांडणाऱ्या बाईसाठी श्रम हलके करण्याचे साधन होते. तिचा दिवस पहाटे उखळाजवळ सुरू होई, हात मुसळावर आणि मन माहेर, भाऊ, लेकरू, देव यांच्यात गुंतलेले असे, आणि मुसळाच्या ठेक्यावर तिची ओवी उमटे. ज्या तांदळाचा शुभ्र भात राजाच्या ताटात पहिला घास म्हणून पडला, तो अशाच हातांनी सडलेला होता. उपभोगाच्या वीसही अध्यायांकडे या नजरेने पाहिले तर प्रत्येक सुखामागे एक कसब उभे दिसते. तेलाच्या मागे घाणा चालवणारा तेली आहे, माळेच्या मागे माळी आहे, पाण्याच्या मागे कुंभाराचे मडके आणि पाणक्याची कावड आहे, विड्याच्या मागे पानमळा राखणारा आहे आणि पादुकांच्या मागे चामडे कमावणारा आहे. सोमेश्वराने या लोकांची नावे लिहिली नाहीत. तरीही त्यांचे काम त्याने इतक्या लक्षपूर्वक पाहिले की त्यांच्या कौशल्याचा तपशील शब्दांत राहून गेला, आणि आपल्या पहिल्या विंशतीत सेवकांचे पोषण हे राजाचे कर्तव्य म्हणून नोंदवले, हेही विसरता येणार नाही.

या कसबी माणसांचा आवाज त्याच नगरात लवकरच उमटला. सोमेश्वराच्या मृत्यूनंतर काही दशकांतच चालुक्यांची सत्ता कलचुरी बिज्जलाकडे गेली आणि कल्याणीत बसवेश्वरांच्या भोवती शरणांचा, म्हणजे शिवभक्तांचा, मेळा जमला. त्यांनी ‘कायक’ म्हणजे स्वतःच्या कष्टाचे काम हीच उपासना मानली आणि सोप्या कन्नडात वचने रचली. या शरणांमध्ये हडपद अप्पण्णा हे प्रमुख होते. ‘हडप’ म्हणजे विड्याचे तबक किंवा बटवा सांभाळण्याचे काम, आणि त्यांचे नाव या कामावरूनच पडलेले आहे. त्यांच्या पत्नी लिंगम्मा यांचीही वचने उपलब्ध आहेत. ज्या नगरात विड्याच्या सुखावर अध्याय लिहिला गेला, तेथेच विडा लावून देणारा माणूस आणि त्याची पत्नी वचनकार झाली, ही सामाजिक इतिहासातील अतिशय महत्त्वाची घटना आहे. पुढे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे खाणे, चालणे, निजणे आणि बोलणे अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टी मराठी गद्यात लिहिल्या गेल्या. मानसोल्लासातील दिनचर्येत राजवैभव होते, लीळाचरित्रातील दिनचर्येत एका विरक्त पुरुषाचा सहवास आहे. पण एका माणसाचा साधा दिवस लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा असतो, हा विश्वास दोन्ही ग्रंथांत सारखा आहे.

मानसोल्लासाचा पुढचा प्रवासही दख्खनच्या विद्यापरंपरेशी जोडलेला राहिला. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिताना आपल्या पूर्वसूरींमध्ये सोमेश्वराचा उल्लेख केला. आधुनिक काळात हा ग्रंथ हस्तलिखितांतून छापील रूपात आला तो बडोदा आणि म्हैसूर या दोन संस्थानांच्या प्राच्यविद्याकेंद्रांमुळे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचे तीन खंड संपादित केले आणि ते १९२५, १९३९ व १९६१ या वर्षांत प्रसिद्ध झाले; म्हैसूरला कौटिलीय अर्थशास्त्राचे संपादक शामशास्त्री यांनी १९२६ मध्ये त्याचा आरंभीचा भाग प्रकाशात आणला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात सुरू झालेल्या या प्रकाशनामुळे अन्न, संगीत, चित्रकला आणि क्रीडा यांच्या इतिहासाला एक भक्कम साधन मिळाले.

नऊशे वर्षांच्या अंतरावरून या सुखांचा ताळेबंद मांडला तर त्यांचे दोन गट पडतात. हत्तींच्या झुंजी, ससाण्यांकरवी शिकार, चवऱ्या आणि राजछत्र ही सुखे सिंहासनाच्या आधाराने उभी होती, आणि सिंहासनाबरोबर ती लयाला गेली. तेलाचे स्नान, वरणभाताचा पहिला घास, मांडा, थंड पाणी, विडा, झोका, चांदणे आणि ओवी ही सुखे मात्र पान, धान्य, पाणी, ऋतू आणि माणसाचे कसब यांच्यावर उभी होती. त्यांना राजाची गरज कधीच नव्हती. राजाला त्यांची गरज होती, म्हणून ती त्याच्या ग्रंथात आली. यातली काही आता क्षीण होत आहेत. उखळ आणि जाते घरातून गेले तसे ओवीचे प्रसंग संपले, मांडे करणारे हात कमी झाले, आणि अभ्यंग वर्षातून एकदा उरले. कष्टाचा भार कमी झाला हे निःसंशय चांगले झाले, आणि त्या काळातील जातिभेद व सेवकांचे परावलंबन परत यावे असे कोणीही इच्छिणार नाही. परंतु त्या कष्टांतून घडलेले ज्ञान आणि लहान गोष्टीकडे पूर्ण लक्ष देण्याची सवय यांचे जतन करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे. खानदेशातील मांडे करणाऱ्या स्त्रिया, पानमळ्यातले शेतकरी, घाण्याचे तेल काढणारे आणि ओव्या आठवणाऱ्या आजीबाई आज हयात आहेत. त्यांच्या कामाचा तपशील सोमेश्वराने जेवढ्या काळजीने लिहिला तेवढ्याच काळजीने, आणि या वेळी त्यांच्या नावांसह, लिहून ठेवणे हे मराठी इतिहासलेखनाचे काम आहे.